कानात घालायचं लेणं

धडाम्...

मी तिकीट खिडकीमागे बसून सँडविचचा पहिला घास घेतला होता, तो तसाच तोंडात राहिला. आवाज चॅपेलमधून आला होता. साडेआठशे वर्षं जुन्या, स्पेनमधून दगड दगड सुटा करून आणलेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या एका टेकडीवर पुन्हा उभ्या केलेल्या आमच्या चॅपेलमधून. डोळ्यांसमोर छत कोसळलं, पोलीस आले, माझा स्टुडंट व्हिसा गेला आणि मी दोन बॅगा घेऊन नागपूरच्या विमानतळावर उभी राहिले. एवढं सगळं बघून झाल्यावर मी धावत सुटले.

आत एक मुलगा उभा होता. बाहेरच्या पावसात पुरता भिजलेला, हातात फुटलेल्या लाल फुग्याची चिंधी, समोर तिपाईवर एक माईक. डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर गरम पुरणपोळी ताटात पडल्यासारखं समाधान.

"एक्स्क्यूज मी," मी घास गिळत म्हणाले.

त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांब म्हणून... मला, माझ्याच चॅपेलमध्ये.

मग सावकाश डोळे उघडून त्याने इंग्रजीत माफी मागितली. एको पूर्ण संपू द्यावा लागतो, म्हणाला. तो विद्यापीठात ध्वनिशास्त्रात पीएचडी करत होता, जुन्या वास्तूंमध्ये आवाज कसा घुमतो हे मोजत होता, आणि फुगा फोडणं ही म्हणे त्यांची मान्यताप्राप्त पद्धत होती. म्युझियमच्या डायरेक्टरसाहेबांनी त्याला रीतसर परवानगी दिली होती. फक्त ती दिल्याचं कुणाला सांगायचं राहून गेलं होतं, कारण साहेब मासे पकडायला गेले होते.

तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. त्याच्या पायात नुसते ओले मोजे. बूट दाराबाहेर, जोडीने, भिंतीला लावून ठेवलेले. अमेरिकेत म्युझियमच्या दाराशी बूट काढणारा माणूस कुठून आला असेल, हे ओळखायला पीएचडी लागत नाही. तरी मी गाईडच्या गोड आवाजात, इंग्रजीतच, बूट घातले तरी चालतात असं सांगितलं.

त्याने पायांकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अरेच्चा... काढले वाटतं," तो स्वतःशीच पुटपुटला.

"वाटतं काय? काढलेच आहेत," मी म्हणाले. "आणि फरशीवर पावलं उमटलीत. पेपर टॉवेल तिकडे आहेत."

त्याने ती पावलं मुकाट्याने पुसली, दारापासून गाभाऱ्यापर्यंत, उकिडवं बसून. मी सँडविच खात खात बघत उभी होते. कुणी म्हणेल हा काही प्रेमात पडायचा प्रसंग नव्हे, पण मला तो आवडला.

त्याचं नाव प्रल्हाद साळवे. माझं हिमानी गजभिये. मी याच चॅपेलवर प्रबंध लिहीत होते आणि शनिवारी इथली गाईड होते. नागपूरच्या उन्हात जन्मलेल्या मुलीचं नाव हिमानी कुणी ठेवलं, हे त्याने विचारलं आणि मी त्याच्या आजोबांच्या वयाच्या नावाबद्दल विचारलं. बरोबरी झाली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. फुगे फोडून झाले तरी स्टेट कॉलेजला, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, परत जाणारी बस तासाने यायची, त्यामुळे त्याला माझ्या टूरमध्ये उभं राहावं लागे. म्हणजे तो तसं म्हणायचा. बसचं वेळापत्रक मलाही पाठ होतं, आणि त्यात मधल्या दोन बस होत्या.

टूरमध्ये मी जे सांगते ते असं. सान बेनेरो नावाचा कुणी एक साधू माणसांना कंटाळून डोंगरातल्या गुहेत जाऊन राहिला. आणि माणसांची गंमत अशी, की आपल्याला कंटाळलेल्या माणसाला भेटायलाच ती गर्दी करतात. तो गेल्यावर, बाराव्या शतकात, गावकऱ्यांनी गुहेच्या तोंडाशी हे छोटंसं चर्च बांधलं. भिंती हातभर जाड, कारण छत अख्खं दगडाचं आणि त्याचा भार भिंतींना बाहेर ढकलत असतो. खिडक्या एवढ्याशा, कारण अशा भिंतीला जास्त भोकं पाडायची गवंड्यांची छाती होत नव्हती. कमानी अर्धगोल, आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा, त्याला ॲप्स म्हणतात. या सगळ्या धाटणीचं नाव रोमनेस्क. बाहेर, छपराखालच्या दगडी आधारांवर मात्र गवंड्यांनी मनाला येईल ते कोरून ठेवलंय. एक ससा, एक पिंप उचलणारी बाई, आणि दातदुखीने तोंड वाकडं झालेला एक माणूस, जो मला आमच्या विभागप्रमुखांसारखा वाटतो. शंभरेक वर्षांपूर्वी एका अमेरिकन श्रीमंताला हे सगळं आवडलं. त्याने गावाला पैसे दिले, दगडांवर नंबर घातले, पेट्यांत भरले आणि जहाजाने इकडे आणले. गुहा तेवढी तिकडेच राहिली. ती काही उचलता येईना.

लोक इथे हसतात. प्रल्हाद पहिल्यांदा ऐकताना हसला नाही. टूर संपल्यावर माझ्याजवळ येऊन छताकडे बोट दाखवत म्हणाला, "हे तर लेणं आहे."

तो औरंगाबादचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. लहानपणी पावसाळ्यात बौद्धांचा वर्षावास सुरू झाला की आई सगळ्यांना शहराबाहेरच्या लेण्यांवर घेऊन जायची. तिथे एक चैत्यगृह आहे. हत्तीच्या पाठीसारखं वळलेलं छत आणि आत स्तूप. आई 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिशरण म्हणायची, आणि तिचा आवाज छताला लागून परत यायचा, तेव्हा पोराला वाटायचं की आत आणखी कुणीतरी म्हणतंय. त्या आणखी कुणाच्या तरी शोधात तो ध्वनिशास्त्रात गेला होता. आणि चैत्याच्या दाराशी चपला काढायची सवय इथे, हे छत दिसल्याबरोबर, पायांनी आपली आपण पाळली होती. इथला आवाजही तसाच घुमतो, हे चॅपेल म्हणजे लेण्याचं नात्यातलंच कुणीतरी आहे, असं त्याचं म्हणणं.

मी अर्थातच खोडून काढलं. चुकीचं विधान समोर असताना गप्प बसणं मला जमत नाही, आई म्हणते जन्मल्याबरोबर मी नर्सला वेळ दुरुस्त करून सांगितली असणार. मी म्हणाले, चैत्यगृह आणि रोमनेस्क चर्च यांच्यात हजार वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे. त्यांनी खडक कोरून काढला, यांनी दगडावर दगड रचला. साम्य आहे, नातं नाही.

"नातं सिद्ध करायला काय लागतं?" त्याने विचारलं.

"पुरावा."

"किती?"

"भरपूर."

"मग गोळा करतो," तो म्हणाला. आणि हे म्हणताना तो छताकडे बघत नव्हता...

तेव्हापासून त्याच्या तोंडी चॅपेलचं नाव लेणंच झालं. 'लेण्यात आहेस का', 'लेणं किती वाजता बंद होतं', असे मेसेज यायचे. मी दर वेळी दुरुस्त करायचे आणि तो दर वेळी सॉरी म्हणून पुन्हा तेच लिहायचा. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी फोन उशाशी ठेवायला लागले.

टेकडीवरची झाडं लाल-पिवळी होऊन रिकामी झाली तेव्हा त्याने मला त्याच्या लॅबमध्ये बोलावलं. तिथे एक खोली आहे, तिला ते डेड रूम म्हणतात. भिंतींना, छताला, सगळीकडे फोमचे सुळके. त्यात आवाज गेला की गेला, परत येतच नाही. त्याला माझा आवाज अशा कोऱ्या जागी रेकॉर्ड करायचा होता. कशासाठी ते सांगेना. टूर सांग, पण मराठीत सांग, एवढंच म्हणाला.

"मराठीत कशाला? मराठीत कुणाला सांगायचंय?"

"मला."

त्याने जड दार लावलं आणि तो काचेपलीकडे जाऊन बसला. आत अशी शांतता, की मला माझ्याच गळ्यातला आवंढा ऐकू आला. आणि मग धक... धक... धक...

"प्रल्हाद," मी माईकमध्ये हळूच विचारलं, "हे जे ऐकू येतंय ते तुलाही ऐकू येतंय का?"

त्याने काचेतून बघितलं. कानावर हेडफोन, चेहरा गंभीर. "माईक फार सेन्सिटिव्ह आहे," तो म्हणाला. "पण मी फिल्टर मारू शकतो. मारू का?"

मी सान बेनेरोची गोष्ट सुरू केली, आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या वेगाने संपवली.

आता कुणालाही वाटेल की यानंतर तो काहीतरी बोलेल. मलाही वाटलं. तो बोललासुद्धा. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बसस्टॉपवर, हातमोजे चढवत. त्याचा प्रबंध मान्य झाला होता आणि कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, हेडफोन बनवणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी मिळाली होती. जानेवारी संपताना जॉइन व्हायचं. त्याआधी महिनाभर घरी जाऊन येणार.

"छान," मी म्हणाले. "आणि?"

"आणि काय... सामान कसं पाठवायचं बघतोय."

सामान. बस आली, मी चढले आणि खिडकीत बसून हात केला. मला तो हवा होता, हे त्या बसमध्ये मला अगदी स्वच्छ कळलं. फ्रीमाँट म्हणजे देशाचं दुसरं टोक. तो काही न विचारता गेला तर सहा महिन्यांत आम्ही एकमेकांच्या फोटोंना अंगठे दाखवणारे ओळखीचे लोक होणार होतो. आणि आपण होऊन विचारायला माझी जीभ, एरवी कुठेही चालणारी, नेमकी इथे रेटेना.

नाताळच्या सुट्टीत मी ईडन प्रेरीला भावना मावशीकडे गेले. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, वीस वर्षं मिनेसोटात, एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते आणि उरलेल्या वेळात तिथल्या समस्त मराठी मुलामुलींची लग्नं. तिच्यापासून गोष्ट लपवायची तर फोन बंद ठेवावा लागतो. मी तो नाश्त्याच्या टेबलावर उघडा ठेवला होता.

मेसेज आला तेव्हा मी पोह्यांवर लिंबू पिळत होते. मावशीने चष्मा वर करून तो मोठ्याने वाचला.

'हिमानी, तुझ्यासाठी लेणं घेऊन येतोय. कानात घालायचं. आईनेही कानात घालून बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आल्यावर स्वतः देतो.'

लिंबाची बी पोह्यांत पडली.

"अगं, हे तर ठरलंच," मावशी म्हणाली. "आईच्या कानातलं देतोय पोरगा. लेणं म्हणतोय, बघ. आजकालची मुलं 'गिफ्ट' म्हणतात. हा लेणं म्हणतोय."

तीन महिने, दर शनिवारी, मी हा शब्द त्याच्या तोंडून दगडी छतासाठी ऐकला होता. दर वेळी दुरुस्त केला होता. पण त्या सकाळी मला एकदाही दगड आठवला नाही. डोळ्यांसमोर आलं ते सोन्याचं, लोंबणारं, त्याच्या आईने जपून ठेवलेलं काहीतरी. हवंहवंसं काही असलं की माणसाचे कान कसे वागतात, हा ध्वनिशास्त्राचा विषय आहे की नाही मला माहीत नाही.

मावशीने पोहे गार होऊ दिले आणि नागपूरला फोन लावला. आईने घरदार विचारलं. साळवे म्हणजे कुठले, विहारात जाणं-येणं आहे का, मुलगा पितो का. मग आई रडली, मग म्हणाली की लग्नाची पांढरी साडी ती स्वतः निवडणार, त्यात मावशीने पडायचं नाही. बाबांनी शेवटी फोन घेतला. ते कमी बोलतात.

"मुलगा तुला बोलू देतो का?" त्यांनी विचारलं.

"तो रेकॉर्ड करतो, बाबा."

"मग काही प्रॉब्लेम नाही," बाबा म्हणाले.

मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, प्रल्हादला उत्तर लिहिलं. 'आई-बाबांशी बोलले. त्यांची हरकत नाही. माझीही नाही.' पाठवलं आणि फोन टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला.

उत्तर संध्याकाळी आलं. 'यात हरकत कसली? पण बरं झालं. दोन आठवड्यांत भेटूच.'

"आत्मविश्वास बघ," मावशी खूश होऊन म्हणाली. "मला असाच मुलगा पाहिजे होता."

जानेवारीत मी परतले तेव्हा टेकडी बर्फाने झाकली होती. तो शनिवारी येणार होता. मी आईने पाठवलेला मोरपंखी कुर्ता घातला, त्यावर नाइलाजाने जाडजूड जॅकेट. आणि नेहमीची कानातली काढून ठेवली. त्याने आणलेली घालायची, तर कान मोकळे नकोत? बसस्टॉपपासून चॅपेलपर्यंत चालताना त्या मोकळ्या कानांना थंडी अशी झोंबली, की आत पोचेपर्यंत ते माझे आहेत याचीही खात्री उरली नाही.

तो आधीच येऊन बाकावर बसला होता. थोडा काळवंडलेला, थोडा जाड झालेला, आईच्या हातचं खाऊन आल्यासारखा. मला बघून उभा राहिला. आम्ही दोघेही एकदम बोललो, एकदम थांबलो, आणि हसलो.

"आणलंय," तो म्हणाला.

मी समोर बसले. केस कानांमागे सारले. डोळे मिटायचे की नाही यावर जरा विचार केला आणि मिटले.

कानांवर काहीतरी मोठं, मऊ आणि जड बसलं. मी डोळे उघडले. हेडफोन होते.

"हे काय?"

"लेणं," तो म्हणाला आणि त्याने लॅपटॉपवर एक बटण दाबलं.

...आणि माझा आवाज आला. डेड रूममधला, कोरा, घाईघाईतला आवाज, पण आता तो कोरा नव्हता. तो घुमत होता. छतावर चढत होता, वळत होता, पाठीमागून परत येत होता. 'सान बेनेरो नावाचा कुणी एक साधू...' मी म्हणत होते, आणि माझ्या मागे कुणीतरी तेच हळूच म्हणत होतं. पहाटे कुणी नसताना तो चैत्यात गेला होता, टाळ्या वाजवून तिथला घुमारा मोजून आणला होता आणि त्यात माझा आवाज ठेवला होता. मी कधीही पाय न ठेवलेल्या त्या लेण्यात मी मराठीत बोलत होते. मला इतकं सुंदर कधी कुणी काही दिलं नव्हतं. आणि त्याच क्षणी कळलं होतं, की सोनं नव्हतं, मागणी नव्हती, काहीच विचारलं गेलं नव्हतं आणि मी मात्र आई-बाबांसकट हो म्हणून बसले होते.

"आईने ऐकलं तर रडायलाच लागली," तो उत्साहाने सांगत होता. "म्हणाली, ही मुलगी आपल्या लेण्यात कधी जाऊन आली? कसं वाटलं? बोल ना काहीतरी. आणि ते आई-बाबांच्या परमिशनचं काय होतं? मला कळलंच नाही."

"कॉपीराइट," मी म्हणाले. "माझा आवाज आहे. घरच्यांना विचारायला नको?"

"एवढं सिरीयसली?" तो हसला. मग त्याचं हसू अर्धवट थांबलं. तो माझ्या कानांकडे बघत होता. मोकळ्या, लालबुंद कानांकडे. कुर्त्याकडे. पुन्हा कानांकडे.

सुदैवाने दार उघडलं आणि दोनची टूर आत आली. जवळच्या गावातल्या सीनियर सेंटरची मंडळी होती, बुटांवरचा बर्फ झटकत, हाश्शहुश्श करत. मी हेडफोन काढून त्याच्या हातात दिले आणि उठले. पळून जायची सोय असती तर पळाले असते, पण पगारी गाईडला पाठ फिरवता येत नाही.

ती टूर मी कशी केली, मला विचारू नका. गटात एक निवृत्त इतिहास शिक्षक होते, ते मी सांगितलेल्या प्रत्येक सनाला मान तरी हलवत नाहीतर हात वर करून दुरुस्ती करत. एरवी असा माणूस भेटला की मला स्फुरण चढतं. आज मी त्यांचं सगळं मान्य करत होते. प्रल्हाद बाकावर बसून फोनकडे टक लावून होता. मध्येच त्याने कपाळाला हात लावला. मग उठून गटाच्या मागे येऊन उभा राहिला. मी ॲप्सकडे पाठ करून, कुणाच्याही डोळ्यांत न बघता, शेवटचं वाक्य बोलले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, एनी क्वेश्चन्स?

मागे एक हात वर झाला.

"मराठीत विचारू का?" त्याने मराठीतच विचारलं.

"विचारा," मी म्हणाले. राग आला की मी सगळ्यांना अहोजाहो करते.

त्याने घसा साफ केला. सीनियर सेंटरची मंडळी वळून त्याच्याकडे बघायला लागली.

"मेसेज पुन्हा वाचला. आत्ता कळलं," तो म्हणाला. "हिमानी, मी रेकॉर्डिंगबद्दलच लिहिलं होतं. खोटं बोलून क्रेडिट घेणार नाही. पण तू हो म्हणाली होतीस हे कळल्यावर, आत्ता त्या बाकावर बसून मला जे काही झालंय ना... फ्रीमाँटची ऑफर आली तेव्हा त्याच्या निम्मंही झालं नव्हतं. मला वाटायचं, तू हे लेणं सोडून कुठे येणार, मग विचारून नाही ऐकायचं कशाला. घाबरलो यार, सरळ सांगतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवशी फरशी पुसायला लावलीस तेव्हापासून आहे. लग्न करशील माझ्याशी?"

जांभळ्या लोकरी टोपीतल्या एका आजींनी मला विचारलं, हा तरुण काय विचारतोय?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाईडने प्रश्न सर्वांसाठी पुन्हा सांगायचा असतो, तसा नियम आहे.

"ते विचारतायत," मी इंग्रजीत सांगितलं, "की ही वास्तू इथून पुन्हा हलवता येईल का. कॅलिफोर्नियाला."

मंडळींत कुजबुज झाली. कॅलिफोर्नियाला कशासाठी, म्हणून आजी अस्वस्थ झाल्या. तिकडे यांना नोकरी लागलीय, असं मी सांगितलं. बरं, मग हलवता येते का? आजींना आता उत्तर हवंच होतं. प्रल्हादचा चेहरा बाहेरच्या बर्फाच्या रंगाचा झाला होता.

"येते," मी म्हणाले. इंग्रजीत, गाईडच्या आवाजात, पण बघत होते फक्त त्याच्याकडे. "एकदा एवढा समुद्र ओलांडून आलेली गोष्ट पुन्हा हलायला घाबरत नाही. नेणारा नीट नेणारा असला म्हणजे झालं. पण तिच्यावरचं एक संशोधन अजून चालू आहे, ते पुढच्या मे महिन्यात संपेल. तोवर ती जागची हलणार नाही. ज्याला हवी असेल त्याने इथे येत राहावं. विमानं असतात."

"आणि त्यानंतर?" त्याने इंग्रजीत विचारलं. आवाज चिरकला.

"हो," मी मराठीत म्हणाले. "आता विचारलंस ना? मग हो."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. जांभळ्या टोपीतल्या आजींनी त्याच्या दंडावर थोपटलं आणि मला विचारलं, त्याला हवं ते उत्तर मिळालं का. मी म्हणाले, मिळालं. मग तो रडतोय का, म्हणून त्यांनी विचारलं. त्याला वास्तुकलेची फार आवड आहे, असं मी सांगितलं.

टूरचा बाहेरचा भाग अजून बाकी होता. बर्फ भुरभुरत होता. प्रल्हाद आजींना हात देत, त्यांना जपून पायऱ्या उतरवत सगळ्यांच्या मागून आला. मी छपराखालच्या त्या दगडी सशाकडे बोट दाखवलं. गालांवर बर्फ पडून विरघळत होता आणि काय सांगायचं ते डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

"हे सगळं," मी खणखणीत आवाजात सांगितलं, "एकविसाव्या शतकात बांधलेलं आहे."

इतिहासाच्या शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या प्रल्हादकडे पाहिलं. आणि मान हलवून म्हणाले, बरोबर आहे.